उजवा कौल

पुरण वाटून होईपर्यंत गुणवंतीनं दोनतीनदा पदर भिजवून मानेवर घेतला होता. फाल्गुनातला उकाडा होताच, पण स्वयंपाकघरात बाकी कुणाला एवढं उकडत नव्हतं. दुपारी ग्रामदेवीची पालखी अंगणात यायची होती. मालगुंडातल्या त्यांच्या वाडीत घरोघर सारवून रांगोळ्या पडल्या होत्या आणि घरातल्या थोरल्या सुनेला पाठ टेकायला फुरसत नव्हती. एरवी सुक्या मासळीच्या वासात दिवस काढणारी ही बाई आज पुरणाच्या वासानं घुसमटून गेली होती.

"ताई, द्या, मी लाटते," योगिनी म्हणाली.

"तू गप बस गो. तोंड बघ आरशात, कसा पांढरा पडलाय. सोमवारी अ‍ॅडमिट व्हायचा हाय, आणि हिला पोळ्या लाटायच्या हायत!"

धाकट्या जावेला गेलं वर्षभर पाळीत अंगावरून फार जात होतं. बोंबलाच्या टोपलीपाशी बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवरा, दीपेश, मुंबईला नोकरीत; मग गुणवंतीनंच तिला हाताला धरून रत्नागिरीतल्या नव्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पिशवीत गाठी आहेत म्हणाले. दोन मुलं झालीत ना, मग ठेवून उपयोग काय, उद्या कॅन्सर झाला तर? एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. शिमगा झाला की सोमवारी पिशवी काढायची, असं ठरलं.

घरातल्या पुरुषांनी हे सगळं प्रकरण 'ते ऑपरेशन' या दोन शब्दांत बसवलं होतं. बाजाराच्या पिशवीलासुद्धा पिशवी म्हणायची त्यांना चोरी झाली होती. परवा नारळ आणायला निघताना हरिहर बायकोला म्हणाला, "ती ही दे गो... थैली." गुणवंतीला अशाही स्थितीत हसू फुटलं होतं.

या ऑपरेशनानं एक काम मात्र चांगलं केलं होतं. मागच्या शिमग्यात वडिलांची जुनी होडी विकण्यावरून हरिहर आणि दीपेश या दोघा भावांत जे फाटलं, ते वर्षभर फाटलेलंच राहिलं होतं. बायकोचं कळल्यावर दीपेशनं मुंबईहून आधी दादालाच फोन केला. आता दोघे पडवीत शेजारी बसून नारळ सोलत होते, आणि लहानपणी सोलताना व्हायची तशीच कुणाचा आधी होतो याची चढाओढ चालली होती.

"कंपनीच्या विम्यात सगळं बसतंय दादा," दीपेश म्हणाला. "बाबांच्या वेळेसारखं नको. तेव्हा घशात काय ते बघू, बघू म्हणत आपण बघतच राहिलो."

"आता कशाला बघायचा?" हरिहर म्हणाला. "देवीन पण उजवा कौल दिलान."

परवाच तो देवळात कौल लावून आला होता. रामा गुरवानं मूर्तीच्या दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि उजवीकडची कळी आधी पडली. उजवी पडली म्हणजे देवीचा होकार. डॉक्टर आणि देवी यांचं एकमत झाल्यावर घरातल्यांनी बोलायचं काही उरलंच नव्हतं.

*

मागील दारी आनंदीबाई ओटीचं सामान मांडत होत्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. पंचाहत्तरी गाठली तरी हे काम त्यांनी सुनांवर सोपवलं नव्हतं. वाकून गेलेल्या कण्यामुळे त्यांना आता बसूनच सगळं करावं लागे. योगिनी त्यांच्याजवळ येऊन टेकली आणि उगाच तांदूळ निवडायला लागली.

"आई, मला नाही काढायची."

आनंदीबाईंनी खणाची घडी नीट केली. "भीती वाटते गो? मला पण वाटलेली. काय कळत नाय. सुई टोचतात, आणि जाग येते तेव्हा झालेला असता."

"भीती नाही वाटत. गरज नाहीये." योगिनीचा आवाज इतका खाली गेला की आनंदीबाईंना मान वळवावी लागली. "मी देवरूखला माहेरी गेले होते ना, तेव्हा आईनं मला तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यात कॅन्सरचं काही निघालं नाही. गाठी लहान आहेत, म्हणाल्या, किती बायकांना असतात आणि कळतसुद्धा नाहीत. माझं रक्त कमी झालंय, त्याला गोळ्या दिल्या. पाळीला वेगळ्या गोळ्या. परत बोलावलंय. काढायची वेळ आलीच तर मीच काढा म्हणेन, पण ती वेळ आज नाही, असं म्हणाल्या."

"मग ह्या घरात सांगितलास का नाय?"

"कुणाला सांगू? ताई मला हाताला धरून घेऊन गेल्या. कामाला माझ्या वाट्याचंसुद्धा त्याच करतात. आणि ह्यांचं नि दादांचं आता कुठं जमलंय. मी नाही म्हटलं की सगळं परत विस्कटेल." मग तिनं विचारलं, "आई, तुमची का काढली होती?"

आनंदीबाई उत्तर द्यायला लागल्या आणि थांबल्या. सांगायला काही कारणच सापडेना. कंबर दुखायची, हे आठवत होतं. पण कंबर तर वाडीतल्या प्रत्येकीची दुखायची, डोक्यावर मासळीच्या पाट्या असायच्या. गावात कुणीतरी डॉक्टर तपासायला आले होते, ते सासऱ्यांशी काहीतरी बोलले, सासऱ्यांनी कौल लावला, आणि त्या चौतिसाव्या वर्षी रत्नागिरीच्या एसटीत बसल्या. एवढंच होतं.

त्या एसटीची मात्र त्यांना सगळी आठवण होती. किनाऱ्याचा रस्ता तेव्हा झालेला नव्हता, गाडी निवळीच्या बाजूनं लांबून फिरून यायची. परतताना नवऱ्यानं घरची उशी बरोबर आणली होती. समुद्रावर कुणाच्या बापाचं न ऐकणारा तो गडी भरल्या एसटीत काखेत उशी घेऊन चढला, तेव्हा लोक तोंडाला हात लावून हसले होते. त्याला त्याचं काही नव्हतं. खड्डा आला की तो आधीच ओळखायचा आणि उशी त्यांच्या पोटाशी धरायचा, आणि ड्रायव्हरवर ओरडायचा, "अरे, बाईमाणूस हाय, सावकाश!" घाटातून खाली उतरताना खिडकीतून काजूच्या मोहराचा वास आला होता. बुरोंडीहून त्यांची आई येऊन राहिली होती. तिनं डिंकाचे लाडू केले, पोरांना संभाळलं, आणि सासऱ्यांनी वाडीभर साखर वाटली, सून सुखरूप घरी आली म्हणून. किती जपलं होतं सगळ्यांनी! आयुष्यात पुन्हा तेवढं कुणी जपलं नाही. म्हणूनच बहुतेक त्या दिवसांकडे त्यांनी कधी संशयानं वळून बघितलं नव्हतं.

आणि मग त्याच वर्षी अंगातून वाफा यायला लागल्या. भर थंडीत त्या विहिरीवर जाऊन मानेवर पाणी घ्यायच्या. झोप उडाली, रडू यायचं, नवऱ्याचा हातसुद्धा नकोसा व्हायचा. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, आणि भगताकडे घेऊन गेल्या. तो गडी बिचारा पडवीत उशी घेऊन झोपायला लागला. त्यानं कधी काही विचारलं नाही आणि त्यांनाही काही सांगता आलं नाही. कशामुळे होतंय ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

"काय झालं, आई?" योगिनीनं विचारलं.

"काय नाय," आनंदीबाई म्हणाल्या. "मला उठव. पडवीत जायचा हाय."

*

"हरिहर," उंबऱ्यात उभं राहून आनंदीबाई म्हणाल्या, "रामान कौल लावलान तेव्हा देवीला काय विचारलान?"

"काय म्हंजे? आपरेशन सुखरूप पार पडंल काय, म्हणून."

"आणि करायचा की नाय, ता विचारलान?"

हरिहरनं सोललेला नारळ खाली ठेवला. "ता कशाला विचारायचा, आई? ता डॉक्टरनी सांगितलानीच हाय."

"बरा. आणि डॉक्टरना तुमी काय विचारलात?"

"कधी करायचं ते विचारलं," दीपेश म्हणाला. "आणि विम्यात बसेल का..." बोलता बोलताच त्याचा आवाज खाली आला.

"तुमच्या आजोबान माझ्या वेळी हाच विचारलान. सुखरूप होईल काय? उजवा कौल पडला. गुणवंतीच्या वेळी तुमच्या बापान पण तसाच विचारलान. तेव्हा पण उजवा. देवी काय खोटा बोलली नाय. आमी दोघी सुखरूप आलोच. पण विचारायचा ता ह्या घरात कुणी विचारलानीच नाय."

लाटणं हातात घेऊनच गुणवंती बाहेर आली. पुढचं योगिनीला सांगावं लागलं. देवरूख, डॉक्टरीणबाई, तपासणी, गोळ्या. सांगताना तिनं एकदाही गुणवंतीकडे बघितलं नाही.

दीपेशच आधी भडकला. "अगं, मग मला फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही फोन ठेवताना दर वेळी कॅन्सर म्हणायचा. मग मलाच वाटायचं, त्या बाईंचं चुकलं असेल तर?"

बापाच्या घशाची भीती आपण बायकोच्या पोटात नेऊन ठेवली होती, हे दीपेशला त्या क्षणी स्वच्छ कळलं आणि फार लाज वाटली.

"माझ्या पाठीमागं जाऊन आलीस?" गुणवंती म्हणाली. "मी तुझी कोण गो? तुझ्या चादरी मी धुतल्यात. रात्री उठून साखरपाणी दिलाय. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टर काय येडा, आणि देवरूखची ती बाई शहाणी?"

"ताई, तसं नाही..."

"मग कसा? माझी पण काढलीनी. मी मेली काय? उलट सुटली! दर म्हैन्याची कटकट नाय, काय नाय. बघ, कशी ठणठणीत हाय ती!"

हे ती भिजला पदर मानेवर घेऊन बोलत होती. पदरातून पाणी ठिबकून पाठीवर ओघळ आला होता. आनंदीबाई त्या पदराकडे बघत होत्या, आणि सासू कुठे बघतेय ते गुणवंतीला दिसलं. तिनं पदर झटकन ओढून कमरेला खोचला.

तिला काही कळत नव्हतं, असं नव्हे. योगिनीची पिशवी काढायची गरज नाही असं एकदा ठरलं, की लगेच दुसरा प्रश्न दारात येऊन उभा राहणार होता. गुडघे मासळीच्या ओझ्यानं गेले, अंगातला जाळ चुलीमुळे, झोप जाते ती काळजीनं, असं तिनं बारा वर्षं स्वतःला समजावलं होतं. तिच्या वेळचे डॉक्टर दुसरे होते, पण तेही असेच घाईत होते. दोन वाक्यं बोलले होते. त्यात हे 'ठेवून उपयोग काय' होतंच. म्हणूनच या वेळी ते शब्द ऐकताना तिला बरं वाटलं होतं, सगळ्यांना असंच सांगतात म्हणजे खरंच असणार.

"पण आता गाऱ्हाण्याचा काय करायचा?" हरिहर हवालदिल झाला होता. "पालखीपुढं आपरेशनसाठी गाऱ्हाणा घालायला रामाला सांगून ठेवलाय. पालखीपुढं एकदा शब्द गेला की गेला. वाडी जमंल सगळी."

"शब्द अजून गेला नाय," आनंदीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात वरच्या आळीतून ढोल वाजले. वाडीतली पोरं ओरडत कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढली. भांडण तसंच टाकून सगळे उठले. शिमग्यात घरचं कितीही पेटलेलं असो, देवी दारात आली की तोंड धुऊन उभं राहायचं, एवढी रीत या घरानं अजून पाळली होती.

*

पालखी आली ती नाचतच आली. निशाण पुढे, मागे ढोल, ताशे, सनई. हरिहर आणि दीपेश दोघांनी एकाच दांडीला खांदा दिला, आणि योगिनीला लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यातलं त्यांचं नाचणं आठवलं. तेव्हा सासरे होते. त्यांनीही असाच खांदा दिला होता आणि नव्या सुनेकडे बघून ओरडले होते, "बघ गो बाय, तुझ्या घरचं बैल!" तिला तेव्हा फार लाजल्यासारखं झालं होतं. घामानं भिजलेले ते तिघे, वर पालखीत डोलणारे देवीचे मुखवटे, गुलालाचा वास. या घरात आपण सुखी होऊ असं तिला त्याच दिवशी पहिल्यांदा वाटलं होतं.

पालखी अंगणात पाटावर टेकली. आरती झाली. रामा गुरव हात जोडून पुढे उभा राहिला आणि वाडी त्याच्या मागे गोळा झाली.

"बा म्हाराजा, आज शिमग्याच्या सणाला ह्या घरान तुझी सेवा केलान, ती मान्य करून घे..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"समुद्रावर जाणाऱ्याला सुखरूप घरी आण..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या घरच्या धाकल्या सुनेचा..." रामा थांबला. हरिहर त्याला हातानं काहीतरी खुणावत होता, पण काय ते त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

"रामा, थांब जरा," आनंदीबाई म्हणाल्या. "ह्या पुढचा मी बोलतंय."

बाईमाणसानं पालखीपुढे गाऱ्हाणं घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाला गप्प तरी कोण बसवणार? रामा बाजूला सरला. वाकलेल्या आनंदीबाई काठीवर रेलून जेवढ्या ताठ होता येईल तेवढ्या झाल्या.

"म्हाराजा, ह्या घरान तुला दोनदा विचारलान, सुखरूप होईल काय? तू होव म्हणालास आणि तसाच केलास. परवा तिसऱ्यांदा विचारलान. तुझा काय चुकला नाय. आमचाच प्रश्न अर्धा होता." त्यांना दम लागला. "ह्या पोरीला डॉक्टरीणबायनी गोळ्या दिल्यान. त्या लागू पडू देत. तिच्या अंगात रक्त भरू दे. आणि पुढं खरीच गरज लागली, तर त्या वेळी तुला आणि डॉक्टरला विचारायच्या आधी तिला विचारायची बुद्धी आमास दे."

पहिला आवाज आला तो दीपेशचा, आणि तो रडवेला होता. "व्हय म्हाराजा!"

मग हरिहरचा आला आणि मग सगळ्या वाडीचा. वाडीतल्या बायकांनी तर नेहमीपेक्षा जोरात म्हटलं. गोदा शेजारीण म्हणाली, तिची जाऊ म्हणाली, पलीकडच्या विमलाकाकी डोळे पुसत म्हणाल्या. त्यातल्या कुणाकुणाला काय आठवलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गुणवंतीचे ओठ हलले नाहीत. ती ओटीचं ताट घेऊन पुढे आली, खण ठेवला, नारळ ठेवला, आणि ओंजळीतले निम्मे तांदूळ घालता घालता अंगणात सांडले. तिनं ते उचललेही नाहीत.

*

पालखी पुढच्या घरी गेली. पुरुष मागोमाग गेले, मुलं गेली. ढोलांचा आवाज काजूच्या बागेपलीकडे उतरला. गुणवंती स्वयंपाकघरात पाठमोरी बसून होती. पोळ्यांचं ताट तसंच झाकलेलं होतं. योगिनी दारात घुटमळत होती, आत यायचा तिला धीर होत नव्हता.

आनंदीबाई भिंतीला धरून धरून आल्या आणि सुनेशेजारी बसल्या.

"माझी उगाच काढलीनी काय हो?" गुणवंतीनं मान न वळवता विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. तुझं वेगळं होतं गो, तुला खरंच गरज होती, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण गुणवंती बारा वर्षं ज्या वाफांत जळत होती, त्या आनंदीबाई चाळीस वर्षांपासून ओळखत होत्या.

"ठावं नाय गो," त्या म्हणाल्या. "माझा पण मला ठावं नाय. ता आता आपल्याला कोण सांगणार?"

गुणवंती रडायला लागली. मोठ्यानं रडायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते रडणं वेडंवाकडं आलं. आनंदीबाईंनी तिच्या कमरेला खोचलेला पदर सोडवला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि तिच्या मानेवर ठेवून वरून हात दाबून धरला. "मी विहिरीवर जायची," त्या म्हणाल्या. "रात्री. तुझ्या सासऱ्याला वाटायचा, मी त्याच्यावर रुसलंय. बिचारा तसाच गेला." आणि मग त्याही रडल्या.

योगिनी आत आली आणि दोघींच्या पुढ्यात बसली. बऱ्याच वेळानं गुणवंतीनं तोंड पुसलं आणि तिच्याकडे हात पुढे केला.

"फोन दे."

"कुणाला करताय, ताई?"

"मीच तुला नेलेली. मीच सांगतंय."

हॉस्पिटलच्या मुलीनं फोन उचलला. गुणवंतीनं योगिनीचं नाव सांगितलं आणि सोमवारी येत नाही म्हणाली. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलायचा तिचा आवाज हळूहळू परत येत होता. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, काही अडचण असेल तर पुढची तारीख देते.

"नको बाय," गुणवंती म्हणाली. "आमच्या घरान दोन पिशव्या दिल्यान. तिसरी नाय मिळणार."

तिनं फोन योगिनीच्या हातात दिला, आणि पोळ्यांवरचं फडकं काढत म्हणाली, "तुझ्या त्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की मागून?"